घाईने वाळवलेला भोपळा

माझ्यामुळे एका माणसाचे वाजवणे बंद पडले. तो माझा गुरू होता, आणि त्याच्याइतकी चांगली सतार वाजवणारा माणूस मी अमरावतीत किंवा अकोल्यात दुसरा ऐकलेला नाही.

त्यांना सारे बुवा म्हणत; जातीने ते माळी. गावाबाहेर नाल्याकाठी त्यांचा मळा होता, त्यात वांगी, पालक, मेथी, आणि एका कडेला मोठमोठे भोपळे. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. सतारीच्या तळाला जो पोकळ भोपळा असतो, त्यासाठीच ही वेल लावायची. त्यांच्या वाडवडिलांनी असे भोपळे एलिचपूरच्या नवाबाकडील वादकांना पुरवले होते. बुवांच्या वडिलांनी भोपळे पोहोचवता पोहोचवता मुलाला तिथल्या एका वादकापाशी ठेवून दिले, आणि मुलगा सतार शिकून मळ्यात परत आला.

आमच्या घरी ते भाजी घेऊन येत. माझे वडील सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, मुंबईला शिकलेले. बुवांच्या उजव्या तर्जनीला नखुरडे होऊन बोट सडायला लागले होते, ते बाबांनी वाचवले. त्या उपकारापोटी बुवांनी विचारले, "डाक्टरसाहेब, पोरीले शिकवू का सतारीच्या दोन गती?" बाबांनी बराच वेळ विचार करून होकार दिला. अट एकच होती, मागच्या पडवीबाहेर ही गोष्ट जाता कामा नये. चांगल्या घरची मुलगी सतार वाजवते हे गावात कळले असते, तर लोक काय म्हणाले असते ते सांगण्याची गरज नाही.

बाबांनी मला त्याआधीच इतर बरेच काही शिकवले होते. तराजूवर गुंजेपर्यंत वजन कसे करायचे, उष्णतामापक कसा वाचायचा, आम्ल आणि क्षार कसे ओळखायचे. रसायनाचे एक इंग्रजी पुस्तक मी त्यांच्याकडून वाक्यावाक्याने समजून घेतले होते. मला मुंबईला जायचे होते. तिथे बायकांना प्रसूतीचे शास्त्र शिकवण्याचा वर्ग निघणार असल्याचे बाबांना कळले होते, आणि तेव्हापासून मला दुसरे काही सुचत नव्हते.

बुवांची शिकवण्याची रीत विलक्षण होती. पहिला महिनाभर त्यांनी मला एकच तार छेडायला लावली. छेडायची, आणि आवाज पूर्ण मावळेपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही. मी बाबांचे घड्याळ समोर ठेवून आवाज किती सेकंद टिकतो ते मोजू लागले. बुवांनी ते पाहिले आणि घड्याळ हळूच पालथे घातले. "घडीले काय कळते, माय? तुह्या कानाले कळू दे." ते स्वतः वाजवत तेव्हा पहिला स्वर इतका सावकाश येई की, तो नेमका कधी सुरू झाला हे मला कधीच पकडता आले नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. पुढे प्रयत्न सोडून नुसते ऐकायला शिकले. त्या पडवीत बसून मी जेवढी निवांत होते, तेवढी नंतर कधी झाले नाही.

मग अमेरिकेत लढाई पेटली आणि विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाडाच्या कापसाची गरज पडली. दोन वर्षांत अमरावतीच्या भोवतीचे मळे ओळखू येईनासे झाले. जिथे भाजी होती तिथे कपाशी आली. बुवांचा थोरला मुलगा रोज वडिलांशी वाद घाली, की वांगी उपटू, भोपळे उपटू, सारे जण कपाशी लावून राहिले तर आपणच काहून मागे राहायचे. बुवा दाद देत नव्हते, पण घरात त्यांचा शब्द हळूहळू कमी चालू लागला होता.

अशा वेळी अकोल्याहून निरोप आला. कापसाच्या व्यापारात वर आलेल्या एका शेटजींना आपल्या दिवाणखान्यात कायमचा सतारिया ठेवायचा होता. मार्गशीर्षात येऊन एकदा वाजवून दाखवा, पसंत पडले तर इथेच राहा. बुवांना ही जागा मिळाली असती, तर घर त्यांच्या मिळकतीवर चालले असते, आणि मळ्याचा तो तुकडा आणि हातातली सतार दोन्ही राहिली असती. त्यांनी हे मला जसेच्या तसे सांगितले.

अडचण अशी झाली की, भाद्रपदात त्यांच्या सतारीच्या भोपळ्याला कीड लागलेली आढळली. तळ पोखरून निघाला होता. मळ्यात दुसरा चांगला भोपळा एकच होता, गेल्या माघात उतरवलेला. त्याने एक उन्हाळा पाहिला होता. बुवांच्या घराण्याची रीत दोन उन्हाळ्यांची. त्याआधी भोपळा सतारीला लावायचा नाही. त्यांनी तो कापून, कोरून साफ केला होता, पण पावसाळ्याची ओल त्यात शिरली होती. शेटजींना पुढच्या वर्षीचे सांगून पाहतो, असे ते म्हणाले.

मी म्हटले, तोपर्यंत ते दुसरा कोणी ठेवतील. भोपळा माझ्याकडे द्या, दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत हवा कोरडी असते, उंदीर नसतात. कार्तिकअखेर पाहू. त्यांनी विश्वासाने दिला.

पुढे जे केले ते मी त्यांना सांगितले नाही. मी भोपळ्याच्या पोकळीत कापडाच्या पुरचुंडीत कळीचा चुना ठेवला आणि तोंडावर तेलकागद बांधला. कळीचा चुना हवेतली ओल ओढून घेतो, हे मी पुस्तकात वाचले होते. रोज सकाळी पुरचुंडी बाहेर काढून दवाखान्याच्या मोठ्या तराजूवर नुसता भोपळा तोलून आकडा वहीत लिहीत होते. वजन उतरत गेले. एके दिवशी उतरायचे थांबले, पुढचे आठ दिवस तेवढेच राहिले. मी निष्कर्ष काढला की, भोपळा पूर्ण वाळला. जे दोन उन्हाळ्यांत होते ते मी दीड महिन्यात केले, याचा मला किती आनंद झाला होता, ते आज आठवले तरी लाज वाटते. चुना ओल पिताना तापतो, हेही त्याच पुस्तकात त्याच पानावर होते. ती उष्णता आतल्या अंगाला लागेल, आतला थर बाहेरच्या सालीच्या आधी आकसेल आणि त्या दोघांत ताण राहील, हे मी लक्षात घेतले नाही. तराजू फक्त वजन सांगतो. मी त्याला भोपळ्याची प्रकृती विचारत बसले होते.

पुरचुंडी काढून, आतली भुकटी पुसून मी भोपळा परत दिला. बुवांनी तो हातात घेऊन बोटाने तीनचार ठिकाणी ठोकला. एका ठिकाणी पुन्हा ठोकला.

"आपल्या आपण वाळला?"

"हो."

"लय लवकर वाळला."

"खोलीच तशी आहे, बुवा. मी रोज वजन केले आहे."

ते हसले. "मंग ठीक हाय. तुहा तराजू खोटं नाही बोलत." आणि त्यांनी तो सतारीला जोडला.

शेटजींच्या पत्नीला बाळंतपणानंतरचा ताप येत होता, म्हणून त्याच सुमारास बाबांना अकोल्याला बोलावणे आले. बायकांना पाहायला हाताशी कोणी हवे म्हणून मीही बैलगाडीतून सोबत गेले. माझ्या हातचे काम शेटजींना पसंत पडले. मुंबईच्या वर्गाचा विषय निघाला तेव्हा ते बाबांना म्हणाले, की मुलगी हुशार आहे, तिला पाठवण्याची व्यवस्था माझ्याकडे. त्याच बोलण्यात ओघाने त्यांनी हेही सांगितले की, हल्ली मुंबईकडे काही घरांत मुलींना गाणेबजावणे शिकवतात म्हणे, असल्या मुलींना मी दारात उभे करणार नाही. बाबांनी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बैठक झाली. दिवाणखान्यात व्यापारी आणि दलाल बसले होते, आम्ही बायका चिकाच्या पडद्याआड. बुवांनी पहिला स्वर लावला आणि सौदे बोलणारी माणसे गप्प झाली. शेटजींच्या पत्नी आजारी असूनही उशीला टेकून उठून बसल्या. अर्ध्या तासानंतर बुवांनी लय वाढवली, तार जोराने ओढली, आणि कपाशीचे सुके झाड गुडघ्यावर मोडावे तसा आवाज झाला. तारा एकदम सैल पडल्या. भोपळा वरपासून खालपर्यंत तडकला होता.

एक दलाल म्हणाला, "बुवा, वाजवायले आले का भाजी विकायले?" सारे हसले.

बुवांनी सतार मांडीवरून खाली ठेवली. "चूक माही हाय, शेटजी. कच्चा भोपळा जोडला म्या."

शेटजी वाईट वागले नाहीत. विडा दिला, वाटखर्च दिला, आणि इतकेच म्हणाले की, ज्याला आपल्या वाद्याची पारख नाही त्याला कायमचे कसे ठेवू. माझ्या शेजारी शेटजींच्या पत्नींनी विचारले, "काय झालं वं?" मी म्हटले, "भोपळा तडकला." तेवढेच. मला उठून पडद्याबाहेर जाता आले असते. चूक यांची नाही, माझी आहे, असे एक वाक्य पुरले असते. पण ते म्हणताच पुढचा प्रश्न आला असता, की डॉक्टरांच्या मुलीचा सतारीशी काय संबंध? मी दोन्ही बाजू मनात तोलल्या. मुंबईची बाजू जड निघाली. हे सगळे एका श्वासात झाले, त्यामुळे नकळत झाले असेही मला म्हणता येत नाही. नकळत काहीच झाले नाही.

मुंबईला निघायच्या आधी, फाल्गुनात, मी मळ्यात गेले. भोपळ्यांच्या जागी जमीन नांगरून पडली होती. शेवटी थोरल्या मुलाच्या मनासारखे झाले होते. बुवा बांधावर बसले होते. मी चुन्याचे सारे सांगितले. त्यांनी मध्ये अडवले नाही.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "अकोल्याच्या सराईत उतरलो होतो, तिथंच खोलून पाह्यला. आतून तळाशी अजून पांढरा होता, बोटाले चुना लागला."

"मग त्या वेळी का नाही बोललात? निदान परत जाऊन सांगायचे."

"काय सांगू? पडद्यामागं तू होती. तुहं नाव कसं घेऊ चार लोकांत?"

मी म्हटले, मी आता शेटजींना पत्र लिहिते, सगळे खरे लिहिते, ते तुम्हाला पुन्हा बोलावतील.

बुवा म्हणाले, "लिहिशीन तं तुही मुंबई जाईन. माही जागा गेली, तुही मुंबई काहून घालवतं? नको लिहू." आणि पुढे, "त्या रोजी मी तुले इचारलं होतं, आपल्या आपण वाळला का. तवाच सांगितलं असतं तं म्या गेलोच नसतो. पुढच्या सालची वाट पाह्यली असती."

ते रागावले असते तर बरे झाले असते. 'नको लिहू' म्हणाल्यावर मी एकदा, फक्त एकदाच, 'नाही, लिहिते' म्हटले, आणि मग विषय सोडला. परतताना मला आधी सुटल्यासारखे वाटले, दुःख नंतर झाले. हा क्रम मी विसरू शकत नाही.

दोन वर्षांनी मुंबईहून परत आले तेव्हा ते कपाशी वेचत होते. बोंडांच्या टोकांनी बोटे चिरली होती, ज्या तर्जनीवर बाबांनी एवढे कष्ट घेतले तीही. मी विचारले, सतार? दुसरा भोपळा लावला नाही, ते म्हणाले, आता वेल कोठे आहे. मग माझ्या शिक्षणाची चौकशी केली, आणि परीक्षा झाली, दाखला मिळाला, हे ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. तो खरा होता, मला त्यांचा चेहरा वाचता येतो.

त्याच आठवड्यात मी शेटजींना पत्र लिहून टपालात टाकले. त्यात चुना, तराजू, माझे खोटे उत्तर, पडवीतले शिक्षण, काही वगळले नाही. अजून उत्तर आलेले नाही. आले तरी बुवांच्या हाती काही लागणार नाही, कारण त्या जागी तिकडे केव्हाच दुसरा सतारिया बसला आहे. आणि माझेही आता कोणी काही काढून घेऊ शकत नाही. हे मला पत्र लिहिण्याआधीच माहीत होते. दाखला हाती येईपर्यंत मी थांबले होते.