लिफ्टपाशी हिरवा काठ

माझ्या वहीला आमच्या घरात कुणीच आर्ट जर्नल म्हटलं नाही. आई तिला ‘तुझी गोधडी’ म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तेच नाव बरोबर होतं. बसची तिकिटं, बोगनवेलीची फुलं, चहाचे डाग, जुन्या ओढण्यांच्या चिंध्या, सगळं चिकटवायचं आणि वरून रंगवायचं. वही इतकी फुगायची की रबर लावल्याशिवाय मिटायची नाही. अशा दोन वह्या होत्या. छोटी प्रवासाची, गुरुग्रामच्या ऑफिसातून टूर निघाली की पर्समध्ये जायची. थोरली घरी, दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर कायम उघडी पडलेली.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली आणि हळूहळू विसरायला लागली. आधी गॅस, मग चष्मा, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, हात गुंतवून ठेवा. मी कात्री आणि गोंद तिच्यापुढे सरकवला. वाटलं होतं, पंधरा मिनिटांत कंटाळेल. कसलं काय! ती थेट माझ्याच पानांवर चिकटवायला लागली. मी तशी तिरसट, माझ्या ब्रशला कुणी हात लावलेला मला खपत नाही. पण आईला काय बोलणार, कपाळ!

त्या हिवाळ्यात मी एका जोडपानावर आमचा मजला रंगवला होता. डावीकडे लिफ्ट, मग लांबच लांब कॉरिडॉर, उजवीकडे आमचं तपकिरी दार. तेवढ्यात भोपाळची टूर निघाली. परत आले तर चित्रातल्या लिफ्टपाशी साडीच्या हिरव्या काठाचा बोटभर तुकडा उभा चिकटवलेला, आणि त्याच्या डोक्यावर ओल्या कुंकवाचा ठिपका. बिनचेहऱ्याची बाईच की!

“हे कोण गं?” मी विचारलं.

“दमलीय ती,” आई म्हणाली. “जिन्याने चढून आली. लिफ्टची भीती वाटते तिला.”

मी हसून सोडून दिलं. आईपाशी दिवसभर थांबायला एक बिहारी बाई यायची. त्या संध्याकाळी ती चपला घालता घालता घुटमळली. “दीदी, एक बात बोलूँ? रोज़ दोपहर में कोई आती है. माताजी दरवाज़े की तरफ़ देखके बोलती हैं, आई, आई. मैं भागके खोलती हूँ, तो कोई नहीं.”

मला हसू आवरेना. “अरे यार, मराठी में आई मतलब माँ! वो अपनी माँ को पुकारती हैं.”

बाईही हसली, आणि मग हसता हसता थांबली. “तो रोज़ माताजी की माँ आती हैं?”

“आती नहीं, पुकारती हैं,” मी चिडूनच म्हटलं. पण शेजारच्या पानावर तो हिरवा काठ होता, आणि माझं बोलणं मलाच लंगडं वाटलं.

माझी आजी दिल्लीला कधीच आली नाही. लग्नानंतर आई वडिलांच्या सरकारी नोकरीपाठोपाठ इथे आली, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. माझ्या वेळी बाळंतपण करायला आजी साताऱ्याहून येणार होती. डिंकाचे लाडू बांधून झाले, ट्रंक भरून झाली, आणि निघायच्या आधीच ती गेली. लाडू तेवढे कुणाबरोबर तरी आले. त्याच डब्यासोबत आजीचं एक हिरव्या काठाचं लुगडंही आलं होतं. ही गोष्ट सांगताना आई रडायची नाही. “येते म्हणाली होती,” एवढंच म्हणायची.

नंतर जयपूरला जाऊन आले. घरात पाऊल टाकल्याबरोबर बॅग तशीच टाकून आधी थोरली वही बघितली. लिफ्टपाशी फक्त कागद खरवडल्याची खूण होती. हिरवा काठ कॉरिडॉरच्या मध्यावर आला होता.

“आई, ही पुढे कशी आली?”

“आता काय, चार पावलं राहिली,” आई खुशीत म्हणाली. पोरीसारखी खुशीत. पण आजी इतक्या वर्षांनी दारापर्यंत आली, तर ती रिकाम्या हाताने परत जाणार नव्हती. माझी आई मला हवी होती हो. विसरभोळी, हट्टी, माझी पानं खराब करणारी, पण हवी होती.

मी टूर बंद केल्या. ऑफिसचं काम घरून करायला लागले. बाईला बजावलं, माताजी काहीही म्हणोत, दार उघडायचं नाही, बिल्कुल नाही. आणि तो तुकडा ओरबाडून काढून सगळ्या कॉरिडॉरवर जेसो फासला, म्हणजे कॅनव्हासला देतात तो पांढरा दाट लेप. सकाळी बघते तर लेपातून गुलाबी ठिपका वर आलेला. कुंकवाचा रंग ओल्या लेपात सुटतो आणि वर झिरपतो, चित्रं काढणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. मी दुसरा हात दिला. ठिपका पुन्हा वर आला, पण आता तो दाराला टेकून होता. पान तिरकं वाळत ठेवलं होतं, रंग ओघळला असेल. असेलच.

आईने जेवण टाकलं. “दार का लावून घेतलंस?” ती दुपारभर विचारायची. “बाहेर उभी आहे ना ती. आलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवतात का?”

“कुणी नाहीये बाहेर!” मी एकदा ओरडले. तेव्हा ती तोंडात पदर कोंबून रडली. मीही मग बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

डॉक्टरांनी सांगितलं, आता हॉस्पिटलमध्ये हलवू नका, जवळ बसा. तिची खाट आम्ही हॉलमध्ये आणली. जानेवारीतली दुपार होती आणि धुकं इतकं की डोक्यावरून जाणारं विमान नुसतं ऐकू यायचं. बाई मागच्या बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत होती. आमच्या कॉरिडॉरमधला दिवा कुणी चालत आलं तरच लागतो आणि लगेच विझतो. दाराखालच्या फटीत तो लागलेला दिसला. मी पावलं ऐकायला कान दिला. पावलं नव्हती, आणि दिवा विझतही नव्हता.

“आई,” आई म्हणाली.

तिने हाक मारली की खबर दिली? मराठीत म्हणाली की हिंदीत? उभा संसार दिल्लीत केलेल्या बाईचा शब्द तो, मला भाषा ओळखता येईना. चेहरा मात्र असा उजळला होता की मला पुढे अडवून धरवेना. मी उठले. कडी दोनदा निसटली. दार सताड उघडलं. कॉरिडॉर रिकामा होता. गार हवा तेवढी आत आली.

“ये आजी,” मी म्हटलं. “थांबवून ठेवलं तुला. ये.” आणि बाजूला होऊन वाट दिली.

परत येऊन खाटेपाशी बसले. आईचा हात पांघरुणाबाहेर आला होता, दाराच्या बाजूला. हात गरम होता. श्वास नव्हता.

कपड्यांचा ढीग घेऊन बाई हॉलमध्ये आली आणि उघडं दार बघून जागच्या जागी थबकली.

“दीदी, कोई आई थी क्या?”

“हाँ,” मी म्हटलं. “आई थी.”