प्रोबच्या काचेवरचं कुंकू

स्क्रीनवरच्या प्रत्येक फोटोत तीच काळी रेघ. ढग बदलला, उंची बदलली, रेघ जागची हलेना.

विमान कर्जतवर होतं आणि मोसमातलं हे शेवटचं उड्डाण. आमचं विमान ढगांचा अभ्यास करणारं, त्याच्या पंखाखाली प्रोब नावाचं यंत्र असतं. बैलाच्या शिंगांसारखे त्याचे दोन हात, आणि एका हातातून दुसऱ्याकडे लेझरचा प्रकाश जातो. मधून ढगातले थेंब गेले की त्यांच्या सावल्यांचे फोटो निघतात. थेंब केवढे झालेत, पाऊस धरेल का, ते त्यावरून कळतं.

कर्जत माझं माहेर. तिथे वस्तीवर आबा, माझे वडील, एकटेच असतात. दसऱ्याला येते म्हटलं होतं, पण ढग आले आणि रजा गेली. निदान वरून तरी एकदा घर दिसावं, एवढीच माझी हाव. पण आमचं काम उफराटं. आकाश मोकळं असलं की आम्ही उडतच नाही. चार वर्षं मी स्वतःच्या घरावरून जातेय आणि खिडकीत नुसतं पांढरं.

"प्रोबची काच पुसली नव्हती?" आमचे प्रमुख देसाई सर म्हणाले.

"पुसली होती, सर." मग लख्ख आठवलं. पुसून झाल्यावर काल खंडेनवमीची पूजा केली. प्रोबला ओलं हळदकुंकू मीच लावलं. ते काचेवर ओघळलं असणार. तसं सांगून टाकलं.

सर रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"उतरून पुसू या?" मी विचारलं.

"तोवर ढग थांबतोय होय?"

कॅप्टन म्हणाले, "खाली पाऊस पडतोय. त्यातून नेतो. धुतली गेली तर गेली."

विमान ढगाखाली आलं. डोळ्याच्या कडेला, खिडकीत, हिरवं, काळं काहीतरी सरकायला लागलं.

"स्क्रीन सोडू नकोस," सर म्हणाले. "रेघ गेली की लगेच सांग, तसंच वर जायचंय."

चूक माझी होती. मान वळवली नाही. फार वळवावीशी वाटली.

रेघ फिकटली, तुटली.

"गेली, सर."

विमान चढलं, तेव्हा खिडकीत पाहिलं. पुन्हा ढग. डेटा मात्र नितळ आला. पूजा आधी, काच नंतर, असा नियम मी त्याच दिवशी लॉगबुकात लिहिला.

उतरल्यावर आबांचा फोन आला. "तुजं इमान आज लई खाली आल्तं. मी पावसात धोतर हलवत हुतो. दिसलो का गं?"

"दिसलात, आबा."

"मंग झाला की आपला दसरा."