शिमग्यानंतर आलेली पत्रिका

माझी धाकटी बहीण दमयंती कागद हातात आला की आधी त्याचा वास घ्यायची, मग अंगठ्याने चोळून बघायची. परळच्या आमच्या चाळीत लोक वर्तमानपत्र वाचायचे, ही कुरवाळायची. "दमे, भजी आल्येत त्यातून. खा आणि टाक तो कागद," असं मी म्हटलं की चिडायची. "ताई, अक्षर बघ कसं रुतलंय!" कागदात रुतलेलं अक्षर म्हणजे तिचा जीव की प्राण.

ती कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेज सुटलं की ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात जाऊन बसायची. मालक नाना हौशी माणूस, तिला शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, जुळवू द्यायचे. घरी यायची ती नखांत शाई घेऊन, आणि त्याच हातांनी भाकरीला हात घालायची. आई ओरडायची, पण हिला कुठलं ऐकू येतंय!

गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. आमचे बाबा, कुशाबा, साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. सगळी उमर गिरणीच्या एका खात्यात गेलेली. माझं लग्न ठरलं, वैशाखातलं, तेव्हा दमीने जाहीर केलं, पत्रिका मीच छापणार. नानांनी उरलेला जाड कागद देऊ केला. बाबा नाक्यावर भेटेल त्याला सांगत सुटले, "पत्रिका माझी दमी छापतली!"

त्यांची अट एकच. पत्रिका शिमग्याआधी हवी. खात्यातली माणसं शिमग्याला कोकणात जाणार होती, आणि संपाने मेटाकुटीला आलेली ती यंदा परत येतील याचा भरवसा नव्हता. घरी जाऊन हातात पत्रिका दिली, अक्षता दिल्या, तर लग्नाला नक्की येतील अशी बाबांना खात्री होती. "एकदा सगळा खाता एका पंगतीक बसांदे," ते म्हणायचे. "मगे ज्याचो तो मोकळो." संपाचं काय व्हायचं ते होवो, हे एवढंच त्यांना हवं होतं.

दमीने पहिल्यांदा छापली, तर अक्षर पुरेसं रुतलं नाही. पुन्हा छापली, तर शाई वाळायच्या आत गठ्ठा रचला आणि प्रत्येक पत्रिकेच्या पाठीला खालचीचे डाग लागले. तिने बोट ठेवून दाखवले तेव्हा कुठे मला ते डाग दिसले. बाबा म्हणाले, "डाग असांदे. एक देवाफुडे ठेव, म्हणजे माका वाटूक जावक मेळात." पहिली पत्रिका देवाला दिल्याशिवाय दुसरी उंबऱ्याबाहेर काढायची नाही, ही आमच्याकडची रीत.

दमीने तीच रीत उलटी धरली. "देवाला डागाळलेली देणार, बाबा?"

आई देवभोळी. तिने देवाला हात जोडले, आणि तिच्याकडे बघून बाबांनी गठ्ठा पुन्हा छापायला दमीकडे सरकवला. मला आजही त्या प्रश्नाचा संताप येतो. देवाचं कसलं, हिला स्वतःला डाग चालत नव्हता!

शिमगा होऊन गेला आणि मग पत्रिका आल्या. देखण्या होत्या, खोटं कशाला बोलू. माझ्या नावावरून बोट फिरवलं तर डोळे मिटूनही वाचता आलं असतं. बाबांनी एकेकीवर नाव घातलं, पिशवीत अक्षता घेतल्या आणि लालबाग-परळच्या चाळी पालथ्या घातल्या. खात्यातल्यांच्या खोल्यांना कुलपं होती. संध्याकाळी ते जवळजवळ सगळा गठ्ठा परत घेऊन आले.

"टपालाने पाठवा ना," मी म्हटलं.

"बोलावणा काय नोटिशीवारी धाडूचा?" असं म्हणून त्यांनी गठ्ठा फळीवर ठेवला. शिवाय गावचे पत्ते तरी कुणाचे ठाऊक होते! दमीला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

लग्नात त्यांनी एक पंगत राखून ठेवली होती. उशिरापर्यंत तिथे कुणाला बसू दिलं नाही. मग वऱ्हाडातली पोरं भुकेने कुरकुरू लागली, तेव्हा स्वतःच त्यांना बसवलं.

कॉलेजात त्या पत्रिकेचं खूप कौतुक झालं. प्रदर्शनात लावली होती म्हणे. दमी बघायला गेली नाही. पुढे जाहिरातीच्या कंपनीत तिने नाव काढलं, पण छापखान्याची पायरी पुन्हा चढली नाही. बाबांची गिरणी काही उघडली नाही, आणि ते खातं पुन्हा एकत्र बसलं नाही.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. बाराव्याला गावाहून दगडू आला होता. बाबांच्या शेजारच्या साच्यावरचा, पार वाकलेला म्हातारा. आमच्याकडे इतक्या वर्षांत तो कधी फिरकला नव्हता. दमीने फळीवरचा गठ्ठा काढला, त्याच्या नावाची पत्रिका शोधली आणि त्याच्या हातात दिली.

त्याने चष्मा लावून बाबांचं अक्षर ओळखलं. मागची बाजू बघितली, पुढची बघितली. मग लग्नाची तारीख वाचून मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं.

"म्हणजे माझा नाव घातलेला हुता?" तो म्हणाला. "माका वाटला, कुशाबा माका इसारलो. म्हणान मी त्येच्या दारात कधी इलंय नाय."