आर्डिस अकरा वेळा उतरली

आर्डिस क्वामबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं ती नाकारते. उरलेल्या निम्म्याबद्दल ती नुसती माझ्याकडे बघते, म्हणजे ते खरं असतं. हे त्या दुसऱ्या निम्म्यातलं आहे.

एल्म बेंड हे आमच्या काउंटीचं पार्क. नदीच्या वळणावर सुट्टीत तळ ठोकायला अठ्ठावीस जागा, प्रत्येक जागेला एक टेबल, एक शेकोटीचं कडं आणि एक नळाचा खांब. फाटकाजवळची पहिली जागा यजमानांची. एकोणीस उन्हाळे आर्डिस आणि तिचा नवरा डेल्मर त्या जागेवर ट्रेलर, म्हणजे पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर, लावून राहिले. मे महिन्यात यायचे, ऑक्टोबरात जायचे. आलेल्याला जागा दाखवायची, मोकाट कुत्र्यांच्या मालकांना दोरीची आठवण करून द्यायची, संडास स्वच्छ ठेवायचे आणि दहानंतर गिटार वाजवणाऱ्याच्या शेजारी जाऊन नुसतं उभं राहायचं. हे शेवटचं काम आर्डिसकडे. तिच्या नुसत्या उभं राहण्याने भल्याभल्यांची तार तुटलेली मी पाहिली आहे.

डेल्मर गवत कापायचा. पण त्याचं नाव होतं ते ट्रेलर मागे घेण्याबद्दल. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी याहून मोठी करमणूक नाही. कुणी ट्रेलर घेऊन आला की सगळे आपापल्या घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे वळवतात, हातात काहीतरी थंड घेतात आणि आपण नदीकडेच बघतोय असा चेहरा करून बसतात. नवरा पिकअपमध्ये, बायको मागे उभी राहून खुणा करणार. कित्येक संसारांची खरी हकिगत मला त्या दहा मिनिटांत कळली आहे. डेल्मर मात्र एका दमात ट्रेलर लावायचा. मागे आर्डिस नारिंगी हातमोजे घालून उभी. ती बोट हलवायची, ट्रेलर हलायचा.

नोव्हेंबरात डेल्मर गेला. गोठ्यातून घरात आला, बूट काढले आणि गेला. मार्चमध्ये काउंटीची पार्क अधिकारी ब्रिजेट आर्डिसच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. शेजारी म्हणून मीही तिथेच होतो. आर्डिस लिंबाच्या वड्या भाजते तेव्हा मी सहसा तिथेच असतो.

"तुम्ही नको असं कुणीच म्हणत नाहीये, आर्डिस," ब्रिजेट म्हणाली. पोरगी चांगली, पण पोटातलं ओठावर आणायला तिला तीन कप कॉफी लागते. "पण नदी चढली की तासाभरात तळ रिकामा करावा लागतो. यजमानाने स्वतःचा ट्रेलर हलवून आधी इतरांकडे बघायचं असतं. तुमच्याच ट्रेलरला माणूस शोधत बसले तर इतरांचं काय? शिवाय एका जोडप्याचा अर्ज आलाय."

"कुठलं जोडपं?" मी विचारलं.

"ऑर्लिन, तू वडी खा," आर्डिस म्हणाली. मग ब्रिजेटकडे वळून, "म्हणजे मला एकटीने ट्रेलर काढता आणि लावता आला, तर जागा माझी?"

"एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी दहा वाजता मी येऊन बघते. तासाभरात झालं तर तुमची."

ब्रिजेट गेल्यावर मी म्हटलं, "सोड ना. एक उन्हाळा घरी बस."

"हिवाळाभर मी त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून जेवले," ती म्हणाली. "उन्हाळाभर नाही जेवणार." आणि उरलेल्या वड्यांवर झाकण ठेवलं.

मग तीन आठवडे चर्चच्या मोकळ्या आवारात सराव. कचऱ्याचे चार डबे मांडून आम्ही जागा आखली. आर्डिस पिकअपमध्ये, स्टिअरिंगच्या चाकामागे, नारिंगी हातमोजे माझ्या हातात.

"ऑर्लिन, तू खुणा करतोयस की माश्या हाकलतोयस?"

"तू डावीकडे घे."

"ट्रेलर डावीकडे घेऊ की चाक?"

हाच तर सगळा घोटाळा. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर चाक आधी उजवीकडे फिरवावं लागतं. आरशात बघून हे जमवता जमवता माणसाची मती गुंग होते. एकोणीस उन्हाळे आर्डिसने ट्रेलर मागून पाहिला होता. मागून तिला बोटभर अंतरही कळायचं, पुढून काहीच दिसत नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिने तीन डबे चपटे केले. पाद्री बाहेर येऊन म्हणाले, "आर्डिस, रविवारपर्यंत चर्च तेवढं शिल्लक ठेव."

एकदा ती मागे बघायला म्हणून मध्येच दार उघडून उतरायला लागली. मी धावत गेलो.

"उतरू नकोस. लोक काय म्हणतील?"

हे बाहेरच्यांना कळणार नाही. आमच्याकडे ट्रेलर मागे घेताना कुणी उतरत नाही. प्रवचन चालू असताना पाद्र्याने खाली येऊन घड्याळ बघावं, तसं ते दिसतं. वेंडेल स्कोगेनने एकदा टेबल चिरडलं, माझ्या मेव्हण्याने नळाचा खांब आडवा करून अख्ख्या तळाला अंघोळ घातली, पण उतरलं कुणी नाही. आर्डिसलाही हे ठाऊक होतं. तिने दार लावून घेतलं आणि चौथा डबा चपटा केला.

शनिवारी साडेनऊलाच पार्कात बावीस खुर्च्या लागल्या होत्या. पार्क उघडायला आठवडा होता, कुणाचंच तिथे काम नव्हतं, पण जो तो सहज आलेला. वेंडेलने तर पक्षी बघायची दुर्बीण आणली होती. ब्रिजेट हातात घड्याळ घेऊन उभी. पहिल्या जागेवर आधीच उभा करून ठेवलेला ट्रेलर आर्डिसने दहा मिनिटांत सरळ बाहेर काढला. पुढे नेणं कुणालाही येतं. मग मागे घ्यायला लागली.

पहिल्या खेपेला ट्रेलर गवतात गेला. दुसऱ्या खेपेला मी दोन्ही हातांनी दोन वेगवेगळ्या खुणा केल्या आणि ट्रेलर नळाच्या खांबापासून वीतभर अंतरावर थांबला. कुणी हसलं नाही. आमची माणसं तोंडावर हसत नाहीत, घरी जाऊन हसतात. पण आर्डिसला ते ऐकू आलं असावं.

तिने इंजिन बंद केलं. दार उघडलं. उतरली.

बावीस खुर्च्या एकदम करकरल्या. ती सावकाश चालत मागे आली, आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली, ट्रेलरचं चाक बघितलं, खांब बघितला आणि माझ्या हातातले मोजे काढून घेतले.

"तू बस," म्हणाली.

परत गेली, हातभर पुढे घेतला, दोन हात मागे घेतला, थांबली. पुन्हा उतरली. पुन्हा मागे येऊन बघितलं. पुन्हा चढली.

चौथ्या वेळेला वेंडेलला राहवलं नाही. "आर्डिस, ट्रेलर लावतेस की फेरफटका मारतेस?"

"दोन्ही," ती न थांबता म्हणाली. "डॉक्टरने चालायला सांगितलंय. तुलाही सांगितलं होतं म्हणे."

वेंडेलची बायको लोइस इतकी खोकली की तिच्या पाठीत थोपटावं लागलं.

सातव्या खेपेपासून लोकांनी हातातली थंड पेयं खाली ठेवली. नवव्या खेपेला तिघीजणी उभ्या राहिल्या. अकराव्यांदा आर्डिस उतरली, मागे आली आणि बराच वेळ उभी राहिली. ट्रेलर खडीच्या मधोमध होता. खांब एका बाजूला, शेकोटीचं कडं दुसऱ्या बाजूला, दोन्ही जिवंत. तिने चाकांना ठोकळे लावले, मोजे काढून खिशात कोंबले.

"अडतीस मिनिटं," ब्रिजेट म्हणाली. "आणि काढायची दहा."

"असा लावतात होय ट्रेलर?" वेंडेल पुटपुटला.

"कसा लावता, ते मी विचारलं नव्हतं," ब्रिजेट म्हणाली. त्या दिवशी तिला कॉफी लागली नाही. "एका तासात होतं का, एवढंच विचारलं होतं. पार्कच्या किल्ल्या घ्या, आर्डिस."

आर्डिसने किल्ल्या घेतल्या आणि पहिलं काम म्हणून आम्हा सगळ्यांना हाकललं. पार्क अजून बंद आहे, म्हणाली.

मे अखेरच्या लांब सुट्टीला वेंडेल नवा तीस फुटी ट्रेलर घेऊन आला. मागे लोइसने खुणा करून करून शेवटी हात टेकले. वेंडेल थांबला. आरशात बघितलं, मग आमच्या खुर्च्यांकडे बघितलं. दार उघडून उतरला. आम्ही सगळे मन लावून नदी बघत होतो. आर्डिस यादी घेऊन तिथून जात होती. "उजवीकडे अजून हातभर जागा आहे, वेंडेल," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली. त्या उन्हाळ्यात टेबल एकही चिरडलं गेलं नाही.

माझा ट्रेलर लावताना मीही उतरलो एकदा. गुडघा आखडला होता म्हणून. आर्डिसला तसं सांगितलंही.

"असेल," ती म्हणाली. "दोनदा आखडला. मी मोजत होते."