नॉर्मलरावांचं यकृत

पोटविकार संशोधन विभागात प्राध्यापक सात होते, यंत्रं अकरा होती आणि निरोगी माणूस एकच होता. तो म्हणजे विभागाचा शिपाई. सगळे त्यांना नॉर्मलराव म्हणत आणि त्यांना ती पदवीच वाटे.

संशोधनाची रीतच अशी की शंभर आजारी तपासायचे, तर ताडून बघायला चार धडधाकट माणसंही तपासावी लागतात. आजाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत जायची. पण धडधाकट माणूस फुकटात सुया टोचून घ्यायला इस्पितळात कशाला तडमडेल? सोळा वर्षांपूर्वी मोठ्या सरांनी इकडेतिकडे पाहिलं, तर समोर शिपाई चहाचा ट्रे घेऊन उभा.

"दारू पिता?"

"नाही सर."

"सिगारेट?"

"नाही."

"मग झोपा त्या खाटेवर."

एवढ्या कडक परीक्षेतून त्यांची निवड झाली.

त्यानंतर नॉर्मलरावांनी विज्ञानासाठी काय काय केलं नाही? नळी गिळली, कॅमेरा असलेली गोळी गिळली, पिशवीत श्वास सोडला, डबीत नको ते भरून दिलं. दर जानेवारीत त्यांच्या यकृताची सोनोग्राफी व्हायची आणि जुनं चित्र काढून नवं चित्र यंत्राशेजारी भिंतीवर चिकटवलं जायचं. नवशिके डॉक्टर पेशंटचं चित्र त्याच्याशी ताडून बघत. जुळलं, की "काही नाही, काळजी करू नका," म्हणून पेशंटला घरी पाठवत.

घरी तर बोलायलाच नको. बायकोशी खटका उडाला की नॉर्मलराव म्हणत, "या घरात नॉर्मल कोण आहे ते लेखी आहे." मेहुण्याला बिचाऱ्याला आम्लपित्त होतं. त्याच्या समोर बसून ते चार चमचे साखरेच्या चहात पाचवं बिस्कीट बुडवत आणि सांगत, "आमचं लिव्हर परदेशी मासिकात छापून आलंय." पोट चांगलंच सुटलं होतं, पण ते निरोगी माणसाचं पोट. त्याला नावं ठेवायची कुणाची छाती होती? बायकोने एकदा बिस्किटांचा डबा लपवला, तर दोन दिवस अबोला झाला.

मग विभागात नवं यंत्र आलं. बरगड्यांवर टकटक करून यकृत मऊ आहे की कडक झालंय, ते आकड्यात सांगायचं. सातच्या आत आकडा आला की सगळं ठीक. यंत्र चालवून दाखवायला इंजिनिअरला निरोगी माणूस हवा होता. नॉर्मलराव शर्टाची बटणं सोडतच खोलीत शिरले.

आकडा आला चौदा.

इंजिनिअरला घाम फुटला. त्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. चौदा. तो स्वतः झोपला, पाच आला. विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाई झोपल्या, साडेचार. पुन्हा नॉर्मलराव झोपले. चौदा.

"यंत्र बिघडलंय," मोठे सर म्हणाले आणि चहा प्यायला गेले. नॉर्मलरावांनाही ते शंभर टक्के पटलं. सोळा वर्षांचा अनुभव असलेल्या यकृतापुढे आज खोक्यातून निघालेल्या यंत्राची काय टाप!

पटलं नाही ते फक्त डॉक्टरीणबाईंना. त्यांनी जुन्या फायली उपसल्या आणि दुपारी नॉर्मलरावांना स्टुलावर बसवलं.

"काका, तुमच्या रक्तातले आकडे गेली सहा वर्षं वाढतायत. यकृतात चरबी साठत गेलीय. न पिणाऱ्यांनाही होतं हे."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमचे रिपोर्ट कुणी वाचलेच नाहीत. निरोगी माणसाचे म्हणून थेट सरासरीत गेले."

"आणि आता?"

"आता मनावर घेतलंत तर आवरता येईल. वजन, साखर, औषधं. चालढकल केलीत तर यकृत निकामी होऊ शकतं."

नॉर्मलरावांना आधी राग आला, तोही यंत्राचा. मग बायको आठवली, आणि आपण तिला काय काय ऐकवलंय तेही आठवलं.

मोठ्या सरांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मोठी माणसं दुसऱ्याच्या संकटात फार धीराने वागतात. "शुक्रवारी लेख पाठवायचाय," ते म्हणाले, "तोवर तुम्ही नॉर्मलच राहा. सोमवारी तुमचा केसपेपर काढू. एकच माणूस दोन्ही रकान्यांत कसा बसवायचा?"

"हो सर," नॉर्मलराव सवयीने म्हणाले आणि बाहेर आले.

सोनोग्राफीच्या खोलीत खाटेवर एक बाई झोपली होती. नवशिका डॉक्टर एकदा पडद्याकडे, एकदा भिंतीकडे बघत होता. "अगदी सारखंच दिसतंय, मावशी. काळजी करू नका," तो म्हणाला. बाईने सुटकेचा श्वास सोडला आणि पिशवी उचलली.

नॉर्मलराव दारातच खिळले. मग पुढे झाले, भिंतीवरचं चित्र ओरबाडून काढलं आणि म्हणाले, "मावशी, जाऊ नका. डॉक्टरीणबाईंना दाखवल्याशिवाय पायरी उतरू नका."

त्यांचा आवाज ऐकून डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"मॅडम," नॉर्मलरावांनी विचारलं, "माझ्यासारखं दिसतंय म्हणून या सहा वर्षांत किती जणांना घरी पाठवलं?"

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं रजिस्टर काढलं. दोघांनी बोट फिरवत पानं उलटली. दोनशे बारा नावं निघाली.

नॉर्मलरावांनी रजिस्टर उचललं आणि फोनच्या टेबलाशी बसले. गलका ऐकून मोठे सर आले. "अहो, हे संशोधनात बसत नाही," ते म्हणाले.

"हो सर," म्हणत नॉर्मलरावांनी पहिला नंबर फिरवला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा होता. मागे मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला.

"ताई, इस्पितळातून बोलतोय. तुमचं लिव्हर चांगलं आहे असं तुम्हाला सांगितलं होतं ना, ते माझ्यावरून सांगितलं होतं," ते म्हणाले. त्यांनी रजिस्टरमधल्या नावावर बोट ठेवलं. "मी बरा नाहीये, ताई. तुम्ही उद्याच या."