सरस खाणारे जंतू

आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या औषध कारखान्यात माझं काम जंतू शोधायचं आणि त्यांना हाकलायचं. शुद्ध पाण्याच्या पाइपात स्यूडोमोनास जातीचा जंतू सापडला की उत्पादनाची लाइन बंद होते आणि मीटिंगांचा सपाटा सुरू होतो. त्यामुळे जवळच्या गावातल्या चर्चमध्ये कुणी बाई भिंतीवरच्या जुन्या चित्राला त्याच कुळातले जंतू मुद्दाम लावणार आहे असं कळलं, तेव्हा माझा विश्वासच बसेना. शनिवारी मी बघायला गेले.

बाई साठीच्या पुढची. जुनी चित्रं सांभाळण्यातच तिची हयात गेलेली. भिंतीवर नदीकाठी पाव वाटणाऱ्या बायका रंगवलेल्या होत्या, पण सगळं चित्र तपकिरी पडलेलं. रंगाचे पोपडे गळू नयेत म्हणून फार पूर्वी कुणीतरी त्यावर सरस फासला होता, जनावरांच्या हाडाकातड्याचा. तो वाळून आक्रसला आणि आता रंगालाच ओढून काढत होता. रसायनाने पुसावा तर रंगही जाण्याची भीती. हे जंतू मात्र सरस खातात, रंगाला तोंड लावत नाहीत आणि माणसालाही त्यांचा त्रास नाही, असं तिने मला समजावलं.

कारखान्यात विचारला असता तोच प्रश्न मी विचारला. नंतर यांना काढणार कसं?

ती वैतागली नाही. म्हणाली, "सरस संपला की त्यांचं जेवण संपलं. भिंत वाळली की ते मरतात. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. नमुने घ्यायला तूच ये."

तशी मी तिथे जाऊ लागले.

पहिल्या वेळी काहीच झालं नाही. जंतू मिसळलेला जेलीसारखा थर तिने एका कोपऱ्यात लावला, ठरलेल्या वेळाने काढला, तरी सरस जिथल्या तिथे. चर्चमध्ये इतकी थंडी होती की मी कोटाची बटणं उघडली नव्हती. गारठ्यात जंतू सुस्त पडतात, हे मला ठाऊक असून तोवर सुचलं नव्हतं. तिच्याही ते लक्षात आलं. चर्चची देखभाल करणाऱ्या आजींकडून तिने गरम पाण्याची पिशवी मागवली, टॉवेलात गुंडाळली आणि नव्या थरावर अलगद धरून शिडीवर उभी राहिली. हात भरून आले की पिशवी माझ्याकडे द्यायची. आजी पाणी बदलून आणत आणि सोबत चहाही. भिंत तापू नये, गारही पडू नये, म्हणून ती मध्येमध्ये मनगट लावून बघायची, तान्ह्या मुलाचं आंघोळीचं पाणी बघावं तसं.

थर काढून तिने ओल्या कापसाचा बोळा फिरवला. कापूस तपकिरी झाला आणि भिंतीवर निळा रंग उमटला. नदीचं पाणी होतं ते. मी पिशवी खाली ठेवून बघतच राहिले. ती मात्र बोळा बदलून पुढे पुसत राहिली.

असे कित्येक शनिवार गेले. एकेक चेहरा बाहेर आला. शेवटी चित्रातल्या एका बाईचा हात तेवढा राहिला होता. मी थर तयार केला, तर तिने मला थांबवलं.

"तिथे नको. तिथला रंग त्या सरसावरच टिकून आहे."

इतक्या मेहनतीनंतर समोरचा डाग तसाच सोडून देणं मला जमलं नसतं. तिने तो सोडला आणि त्याची तिला खंतही वाटली नाही.

भिंत वाळल्यावर मी नमुने घेतले आणि विद्यापीठातल्या तिच्या ओळखीच्या लॅबमध्ये तपासले. आमचे जंतू तपासणीच्या एकाही बशीत उगवले नाहीत. कामासाठी बंद असलेलं चर्च पुन्हा उघडलं त्या रविवारी आजी चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. लहानपणापासून त्या याच चर्चमध्ये येत होत्या, पण त्या बायका हसताहेत हे त्यांना आजवर दिसलंच नव्हतं. त्या मागे वळून बाईला, इकडे 'छान'ला म्हणतात तसं, एवढंच म्हणाल्या, "ग्रँड."

बाई लाजली आणि कापसाची पिशवी आवरायला लागली.