क्रोशाचा रुमाल

१२ मे, दुपारी तीन. कांदिवलीतले आमचे शेजारी काका टीव्हीखालच्या रेकॉर्डरवर, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवून होते. मी पीएचडी करते म्हणून ते मला डॉक्टर म्हणतात.

"डॉक्टर, परत तापलाय बघ. चित्र अडकलंय."

रेकॉर्डरमध्ये गेल्या वर्षी वारलेल्या काकूंनी साठवलेल्या मालिका होत्या. मी तापमापक लावला: ६८ अंश. काकूंनीच विणलेल्या क्रोशाच्या रुमालाने हवेची जाळी झाकली होती.

"रुमाल काढा काका, नाहीतर मालिका जातील."

त्यांनी मान डोलावली आणि रुमालाची दुमडलेली कड सरळ केली.

आठवड्याने पाहिले, रुमाल तिथेच होता.

"बंदच ठेवलाय गं. आता तापणार नाही. मालिका आत आहेत ना, पुरे."

तरीही मी तापमापक लावला. खोलीइतकेच, ३१ अंश.